वाहितमल संस्करण, महाराष्ट्रातील

घरे, कचेऱ्या, बाजारपेठा, रुग्णालये व लहानमोठे उद्योगधंदे यांतून वापरून झालेले जे पाणी मैल्यासह गटारांवाटे वाहत जाते, त्यास वाहितमल ही संज्ञा आहे. व्यवहारात त्यास सांडपाणी किंवा मैलापाणी म्हणतात. वाहितमल दिसावयास कितीही घाण असले, तरी वजनाने त्यात सु. ९९·९ टक्के पाणीच असते. उरलेल्या ०·१ टक्क्यात विष्ठा, अन्नकण, साबण, तेलकट पदार्थ, वाळू, विरघळलेली लवणे आणि असंख्य सूक्ष्मजंतू असतात. हा अल्प भाग वेगळा करणे किंवा निरुपद्रवी करणे आणि पाणी पुन्हा नदी, समुद्र, शेती अथवा कारखाना यांस देण्याजोगे करणे म्हणजे वाहितमल संस्करण होय.

महाराष्ट्रात या विद्येची वाटचाल मुंबईच्या किनाऱ्यावर सुरू झाली, नागपूरच्या प्रयोगशाळेत तिला शास्त्रीय बैठक मिळाली आणि आज तिची कसोटी लहान गावांत लागत आहे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी हे अशा गावांचे चांगले उदाहरण आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हे तालुक्याचे ठिकाण असून कोसा व सुती विणकामासाठी हा परिसर पूर्वीपासून ओळखला जातो. तालुक्यातील वरठी येथे भंडारा रोड हे रेल्वेस्थानक व पोलादाचा मोठा कारखाना आहे. मोहाडीचे उतरते पाणी अखेर वैनगंगेस मिळते. खाली त्याच नदीवर भंडारा शहर, पवनी आणि गोसीखुर्द धरण आहे. त्यामुळे वरच्या गावाचे सांडपाणी हा खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न ठरतो.

मूलतत्त्व : वाहते पाणी काही प्रमाणात स्वतःच शुद्ध होते. पाण्यातील सूक्ष्मजंतू सेंद्रिय घाण खातात व त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. हवेतून व जलवनस्पतींकडून तो ऑक्सिजन पुन्हा भरून निघतो. खर्च भरपाईपेक्षा अधिक झाला की मासे मरतात, पाणी काळे पडते आणि कुजका वास सुटतो. घाणीचे मोजमाप म्हणूनच ऑक्सिजनच्या मागणीवरून केले जाते. ठराविक तापमानास व ठराविक दिवसांत सूक्ष्मजंतूंना जितका ऑक्सिजन लागतो, त्यास जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणतात. भारतीय शहरांतील कच्च्या वाहितमलात ती साधारणतः दर लिटरला २०० ते ३०० मिग्रॅ. असते.

एका साध्या हिशेबावरून या आकड्यांचा अर्थ ध्यानी येईल. भुयारी गटारे असलेल्या गावात माणशी रोज १३५ लि. पाणी पुरवावे आणि त्याचा सु. ८० टक्के भाग सांडपाणी होऊन परत येतो, असे भारतातील अभियंते धरतात. दहा हजार वस्तीच्या गावातून या हिशेबाने दररोज सु. १०·८ लक्ष लि. वाहितमल निघेल. त्याची मागणी दर लिटरला २५० मिग्रॅ. धरली, तर रोज २७० किग्रॅ. ऑक्सिजन लागेल. ३०° से. तापमानास स्वच्छ पाण्यात दर लिटरला जेमतेम ७·५ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे एवढ्या लहान गावाच्या एका दिवसाच्या घाणीने सु. ३·६ कोटी लि. स्वच्छ पाण्यातील सर्व ऑक्सिजन संपेल. संस्करण संयंत्रात नवे असे काही घडत नाही. नदीत अनेक कोसांच्या प्रवासात जे सावकाश घडते, तेच टाकीत काही तासांत घडवून आणले जाते.

प्रारंभ : सांडपाणी वस्तीबाहेर नेण्याची कला प्राचीन आहे. सिंधू संस्कृतीतील नगरांत विटांची झाकलेली गटारे होती. परंतु पाणी बाहेर नेणे वेगळे आणि ते शुद्ध करणे वेगळे. एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक नगरांत मैला माणसांकरवी उचलून शेतात वा खड्ड्यात टाकला जाई आणि घरचे पाणी अंगणातील आळ्यात किंवा शोषखड्ड्यात जिरे. विदर्भातील खेड्यांत परसबागेतील केळीच्या बुंध्याशी न्हाणीचे पाणी सोडण्याची रीत होती. पाणी विहिरीतून शेंदून आणावे लागे, तोवर ते मोजकेच वापरले जाई व अशी व्यवस्था पुरेशी ठरे. नळ आल्यावर हा तोल बिघडला.

इंग्लंडमध्ये याचा अनुभव आधी आला. १८५४ मध्ये लंडनमधील पटकीची साथ एका दूषित पंपाच्या पाण्याशी निगडित असल्याचे जॉन स्नो यांनी दाखविले. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज अवघड झाले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट यांच्या योजनेनुसार लंडनची मोठी गटारे बांधली गेली. मात्र या गटारांनी घाण शहराबाहेर नेली. ती नष्ट केली नाही. शुद्धीकरणाचे शास्त्र पुढील पन्नास वर्षांत विकसित झाले.

मुंबई : मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचे नळाचे पाणी आले, परंतु वापरलेले पाणी वाहून नेणारी गटारे त्या मानाने फार मागे राहिली. मैला हलालखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामगारांकडून टोपल्यांतून व गाड्यांतून वाहिला जाई आणि पावसाळी नाल्यांतून घाण पाणी शहराच्या सखल भागात तुंबे. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड हे नगरपालिका आयुक्त झाल्यावर स्वच्छतेच्या कामास गती आली. नगरपालिकेचे अभियंते हेक्टर टुलक यांनी शहराच्या मलनिःसारणाचा तपशीलवार अभ्यास केला. शहराचा मोठा भाग भरतीच्या पातळीजवळ असल्याने पाणी केवळ उताराने समुद्रात जाऊ शकत नव्हते. म्हणून वरळी येथे लव्हग्रोव्ह पंपघर उभारून वाहितमल उचलून समुद्रात सोडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. १८९६ च्या प्लेगनंतर गटारांचा विस्तार अधिक निकडीचा ठरला. समुद्र जवळ असल्याने शुद्धीकरणाचा खर्च टाळता आला आणि ही सवलत मुंबईने पुढे एक शतकाहून अधिक काळ वापरली.

याच शहरात एक महत्त्वाचा प्रयोग झाला. माटुंगा येथे १८९० मध्ये स्थापन झालेल्या ॲकवर्थ कुष्ठरोगी आश्रमाचे वाहितमल बंद टाक्यांत कुजविण्यात येई. १८९७ च्या सुमारास मुंबई नगरपालिकेचे अभियंते सी. कारकीट जेम्स यांनी या टाक्यांतून निघणारा ज्वलनशील वायू गोळा करून त्यावर एंजिन चालवून दाखविले. वाहितमलापासून शक्ती मिळविण्याचे हे जगातील अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. उष्ण प्रदेशात जंतूंची क्रिया जलद होते व यूरोपातील मापे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे त्या काळच्या अनुभवातून स्पष्ट झाले. जेम्स यांनी पौर्वात्य नगरांच्या मलनिःसारणावर १९०२ मध्ये ग्रंथही प्रसिद्ध केला.

पुढे दादर येथे वाहितमल शुद्धीकरण केंद्र उभारले गेले. तेथील गाळापासून मिळणाऱ्या वायूच्या कामाची प्रेरणा घेऊन एस्. व्ही. देसाई यांनी १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणापासून ज्वलनवायू मिळविण्याचे प्रयोग केले. खेडोपाडी पसरलेल्या गोबर वायू संयंत्रांची एक मुळी अशा रीतीने मुंबईच्या मैलापाण्यापर्यंत पोहोचते.

क्रियाशील गाळ पद्धती : वाहितमलात हवा फुंकली असता ते शुद्ध होते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माहीत झाले होते, परंतु त्यास अनेक आठवडे लागत. मँचेस्टरजवळील डेव्हिहुल्म येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी प्रत्येक वेळी तळाशी बसलेला गाळ टाकून न देता तो पुढच्या पाण्यात मिसळला. गाळातील जिवंत जंतूंची संख्या वाढत गेली आणि शुद्धीकरणास लागणारा काळ काही तासांवर आला. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हा निष्कर्ष मांडला. या गाळास त्यांनी क्रियाशील गाळ हे नाव दिले. जगातील बहुसंख्य मोठी संयंत्रे आजही याच तत्त्वावर चालतात.

या संशोधनामागील मार्गदर्शक गिल्बर्ट फौलर हे १९१६ मध्ये बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापक म्हणून आले. त्यामुळे ही पद्धती भारतात फार लवकर पोहोचली. तथापि तिच्यासाठी अखंड वीज, यांत्रिक पंप व प्रशिक्षित कर्मचारी लागत. त्या काळच्या नगरपालिकांना हा भार पेलणे शक्य नव्हते. म्हणून अनेक शहरांनी वाहितमल शेतीस देण्याचा स्वस्त मार्ग पत्करला. त्यातील नत्र व स्फुरद यांमुळे पीक जोमदार येई. पण शेतमजुरांना आतड्यातील कृमींचा प्रादुर्भाव होई आणि सतत पाणी दिल्याने जमीन चिबड होई.

मैला वाहण्याची प्रथा : वाहितमल संस्करणाचा इतिहास केवळ यंत्रांचा नाही. गटारे नसलेल्या गावांत मैला उचलण्याचे काम जातीवर लादलेले होते आणि ते करणाऱ्यांच्या पिढ्या त्यात खर्ची पडल्या. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून सोनखताचा व सुधारलेल्या संडासांचा प्रसार केला. मैल्याचे खत नीट झाले तर तो हाताळण्याची गरज व त्याबद्दलची घृणा दोन्ही संपतील, ही त्यांची भूमिका होती. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करणारी समिती नेमली. कोरडे संडास बांधण्यास व हाताने मैला उचलविण्यास १९९३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने ही बंदी संरक्षक साधनांशिवाय गटारे व सेप्टिक टाक्या साफ करविण्यापर्यंत वाढविली. तरीही टाकीत उतरलेल्या कामगारांचे मृत्यू थांबले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लक्ष रुपये भरपाई ठरविली व २०२३ मध्ये ती तीस लक्ष केली.

या मृत्यूंचे कारण रासायनिक आहे. बंद टाकीत हवेवाचून मैला कुजताना मिथेन, कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू साचतात. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास असतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि धोका कळेनासा होतो. पहिला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढण्यासाठी उतरलेला दुसराही परत येत नाही. ज्या गावात गाळ यंत्राने उपसण्याची सोय नाही, तेथे सेप्टिक टाकी ही अशी जीवघेणी जागा ठरू शकते.

नागपूरची संशोधन संस्था : वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ मध्ये नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन केली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) असे झाले. भारतीय हवामानास व भारतीय नगरपालिकांच्या ऐपतीस मानवेल असे संस्करण शोधणे हे तिच्या आरंभीच्या कामाचे सूत्र होते. एस्. जे. आर्सीवाला व त्यांचे सहकारी यांनी स्थिरीकरण तलावांचा सखोल अभ्यास करून १९७० मध्ये त्यांच्या रचनेची मार्गदर्शक पुस्तिका सिद्ध केली.

स्थिरीकरण तलाव म्हणजे एक ते दीड मी. खोलीचे उथळ तळे. त्यात सूर्यप्रकाशामुळे शेवाळ वाढते व ऑक्सिजन सोडते. तो ऑक्सिजन घेऊन जंतू घाणीचे विघटन करतात आणि त्यातून सुटलेला कार्बन डाय-ऑक्साइड शेवाळास मिळतो. वीज, यंत्रे व कुशल माणसे यांची येथे जवळजवळ गरज नसते. जागा मात्र पुष्कळ लागते. भरपूर ऊन असलेल्या आणि तलाव राखण्याची जुनी परंपरा असलेल्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या पद्धतीचे तत्त्व समजावून सांगणे कठीण नाही. अर्थात गावतलाव आणि स्थिरीकरण तलाव यांची गल्लत होता कामा नये. शिंगाडे व मासळी देणाऱ्या मालगुजारी तलावात कच्चे सांडपाणी सोडले, तर तो तलाव नासतो.

कायदे व मानके : महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि त्यानुसार १९७० मध्ये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. संसदेचा जलप्रदूषणविषयक कायदा १९७४ चा असून महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला.

शुद्ध केलेले पाणी किती शुद्ध असावे, याचा मापदंड प्रथम ब्रिटिश राजमंडळाने (रॉयल कमिशनने) १९१२ मध्ये घालून दिला. ऑक्सिजन मागणी दर लिटरला २० मिग्रॅ. व तरंगते घन पदार्थ ३० मिग्रॅ. या मर्यादेत असावेत, असे त्याने ठरविले. मात्र हा मापदंड एका गृहीतावर उभा होता : नदीत सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी असले पाहिजे. बारमाही पाऊस असलेल्या इंग्लंडात ते शक्य होते. भारतातील, विशेषतः दख्खन व विदर्भातील नद्या चार महिन्यांच्या पावसावर चालतात. एप्रिल–मे महिन्यांत नदीतील पाण्याचा मोठा हिस्सा सांडपाण्याचाच असतो. त्यातच पाणी तापल्याने त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो आणि जंतूंची भूक वाढते. म्हणजे परक्या देशाचा मापदंड पाळूनही येथील नदी उन्हाळ्यात मरू शकते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुधारित मानके जाहीर केली आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ऑक्सिजन मागणीची मर्यादा दर लिटरला १० मिग्रॅ. पर्यंत खाली आणण्याचा आदेश दिला, त्यामागील शास्त्रीय कारण हे आहे.

संयंत्राची कार्यपद्धती : आधुनिक संयंत्रात वाहितमल क्रमाने पुढील टप्प्यांतून जाते. (१) प्रारंभी लोखंडी गजांच्या जाळ्यांवर चिंध्या, प्लॅस्टिक, काड्या इ. अडविले जातात. त्यानंतरच्या कक्षात प्रवाहाचा वेग असा राखतात की जड वाळू तळाशी बसते. पण हलके सेंद्रिय कण पुढे जातात. वाळू काढली नाही, तर पंपांची पाती झिजतात.

(२) प्राथमिक निवळण टाकीत पाणी सु. दोन ते अडीच तास संथ राहते. तरंगत्या घन पदार्थांपैकी निम्म्याहून अधिक भाग येथे गाळ होऊन खाली बसतो आणि ऑक्सिजन मागणी सु. एक तृतीयांशाने घटते.

(३) द्वितीयक टप्पा जैव असतो. वातन टाकीत पाणी व क्रियाशील गाळ यांच्या मिश्रणात चार ते आठ तास हवा सोडली जाते. विरघळलेली घाण जंतूंच्या शरीरात जाते व जंतूंचे पुंजके बनतात. पुढील निवळण टाकीत हे पुंजके खाली बसतात व वर निवळशंख पाणी राहते. गाळाचा काही भाग वातन टाकीत परत पाठवितात व वाढीव गाळ बाजूला काढतात. या टप्प्याअखेर ८५ ते ९५ टक्के ऑक्सिजन मागणी कमी झालेली असते. संयंत्राच्या चालू खर्चातील विजेचा मोठा वाटा हवा फुंकण्यावरच पडतो. नवी मुंबईतील संयंत्रांत वापरलेल्या क्रमवार पद्धतीत भरणे, वातन, निवळणे व उपसणे ही सर्व कामे एकाच टाकीत आळीपाळीने होतात. त्यामुळे जागा वाचते.

(४) तृतीयक टप्प्यात वाळूचे वा अन्य निस्यंदक वापरून उरलेले कण काढतात आणि क्लोरीन अथवा जंबुपार किरणांनी रोगजंतू मारतात. नत्र व स्फुरद काढले नाहीत, तर निवळ दिसणारे पाणीही तलावात शेवाळ व जलपर्णी माजविते. भंडारा–नागपूर भागात इकॉर्निया या नावाने ओळखली जाणारी वनस्पती हीच.

(५) गाळाची व्यवस्था हे सर्वांत अवघड व सर्वांत दुर्लक्षित काम होय. बंद पाचक टाकीत ३०° ते ३५° से. तापमानास वीस ते तीस दिवस गाळ हवेवाचून कुजविला की त्याचे आकारमान घटते आणि ६० ते ७० टक्के मिथेन असलेला वायू मिळतो. उरलेला गाळ वाळवून खत म्हणून वापरता येतो. मात्र त्यात कारखान्यांतील जड धातू आलेले नसावेत.

नागपूर व कोराडी : नाग नदी नागपूरच्या पश्चिमेकडील टेकड्यांत उगम पावून शहरातून वाहते व पुढे कन्हान नदीस मिळते. शहर वाढले तसे तिच्या पात्रात सांडपाणी वाहू लागले. २००८ मध्ये नागपूर महानगरपालिका व महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनी (महानिर्मिती) यांच्यात करार झाला. त्यानुसार भांडेवाडी येथे दररोज १३ कोटी लि. क्षमतेचे संयंत्र उभारून शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास देण्याची व्यवस्था झाली. तेथील प्रत्येकी ६६० मेगॅवॉटच्या तीन संचांना थंड ठेवण्यासाठी पुष्कळ पाणी लागते आणि पेंच प्रकल्पाच्या पाण्यावर शहर, शेती व वीज केंद्रे या सर्वांचा हक्क असतो. सांडपाणी विकत देण्याच्या या योजनेने पिण्याच्या पाण्यावरील ताण हलका झाला आणि महानगरपालिकेस उत्पन्नाचे साधन मिळाले. त्यानंतर भांडेवाडी येथे दररोज २० कोटी लि. क्षमतेचे दुसरे संयंत्र खाजगी सहभागाने चालू झाले.

संस्करण व्यापारी तत्त्वावर चालविण्याचे मर्म येथे दिसते. पूर्वी संयंत्र बांधणाऱ्यास बांधकामाचे पैसे मिळत व चालविण्याची जबाबदारी नगरपालिकेवर पडे. वीजबिल थकले की पंप बंद होत. आता अनेक ठिकाणी बांधणाऱ्यासच दहा-पंधरा वर्षे संयंत्र चालवावे लागते आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची शुद्धता तपासून मोबदला दिला जातो. खरेदीदार कारखाना असेल, तर अशुद्ध पाणी तोच नाकारतो. परंतु हा मार्ग मोठ्या शहरांना व पाणी विकत घेणारा उद्योग जवळ असेल तेथेच सुकर आहे. शिवाय जे सांडपाणी गटारात शिरतच नाही, ते सर्वोत्तम संयंत्रही शुद्ध करू शकत नाही. नागपूरच्या सर्व वस्त्यांचे वाहितमल अद्याप संयंत्रांपर्यंत पोहोचत नसल्याने नाग नदीच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र योजना हाती घ्यावी लागली. मुंबईनेही १९९५ नंतर वरळी व वांद्रे येथे किनाऱ्यापासून तीन किमी.हून अधिक लांबीचे सागरी बोगदे बांधले. पण समुद्रावर विसंबणे पुरेसे नाही हे ओळखून २०२२ मध्ये दररोज एकूण २४६·४ कोटी लि. क्षमतेच्या सात नव्या संयंत्रांचे काम सुरू केले.

वैनगंगा व मोहाडी : कन्हान नदी भंडारा शहराच्या खाली आंभोरा येथे वैनगंगेस मिळते. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. जलाशय भरू लागल्यावर पूर्वी वाहून जाणारे पाणी तेथे थांबू लागले आणि नागपूरची घाण भंडारा जिल्ह्याच्या दारात येऊन साचली. संथ पाण्यात हवेतून मिळणारा ऑक्सिजन कमी होतो, गाळ तळाशी बसतो आणि इकॉर्नियाचे थर पसरतात. मासेमारांच्या जाळ्यांपासून नळपाणी योजनांपर्यंत सर्वांना त्याची झळ लागते.

मोहाडी या संगमाच्या वर आहे. नागपूरची घाण तेथे येत नाही, म्हणून गावाच्या हाती स्वतःचा वाटा स्वच्छ ठेवण्याची संधी आहे. २००० मध्ये सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि २०१४ चे स्वच्छ भारत अभियान यांमुळे राज्यात घरोघरी संडास बांधले गेले. मात्र लहान गावांत भुयारी गटारे नसल्याने संडासाखाली सेप्टिक टाकी वा शोषखड्डा असतो. सेप्टिक टाकी घाणीचा काही भागच कमी करते. तिच्यातून बाहेर येणारे पाणी रोगजंतूंनी भरलेले असते आणि टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसली नाही, तर गाळच नालीत येतो. न्हाणीचे व स्वयंपाकघराचे पाणी तर थेट उघड्या नालीने नाल्यास मिळते. विहीर व शोषखड्डा यांत पुरेसे अंतर नसेल, तर नायट्रेट व जंतू विहिरीत उतरतात. विणकरांच्या वस्तीतील रंगाईचे पाणीही वेगळे हाताळावे लागते. कारण रंगद्रव्ये जैव पद्धतीने सहज नष्ट होत नाहीत.

लहान गावांसाठी उपाय : अशा गावांना कोट्यवधी रुपयांची गटारे व वातन टाक्या परवडत नाहीत आणि त्यांची निकडही नसते. सातारा जिल्ह्यातील वाई व नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी वेगळा मार्ग दाखविला. तेथे घरमालकाच्या मागणीची वाट न पाहता ठरलेल्या पाळीने प्रत्येक सेप्टिक टाकी शोषक पंपाच्या गाडीने उपसली जाते व गाळ स्वतंत्र संयंत्रात नेऊन निरुपद्रवी केला जातो. माणसाने टाकीत उतरण्याचा प्रसंगच येत नाही, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ होय.

नाल्यातील पाण्यासाठी नीरीने विकसित केलेली फायटोरिड पद्धती उपयोगी पडते. तीत खडी भरलेल्या उथळ चरांत कर्दळ, पाणकणीस इ. वनस्पती लावतात. त्यांच्या मुळांभोवती वाढणारे जंतू घाण खातात व वनस्पती नत्र आणि स्फुरद शोषून घेतात. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत एच्. एस्. शंकर यांनी विकसित केलेली मृदा जैवतंत्र पद्धतीही अशीच कमी विजेवर चालते. पूर्वजांनी न्हाणीच्या मोरीवर केळ लावली, त्यामागील अनुभवाचे हे मोजूनमापून केलेले रूप म्हणता येईल. तथापि वनस्पती लावल्या की काम संपले असे नाही. खडीत चिखल भरला तर पाणी वरून वाहते, म्हणून जाळ्या व चर नियमित साफ करावे लागतात.

मूल्यमापन : सव्वाशे वर्षांहून अधिक काळाच्या या इतिहासात तंत्रविद्येची उणीव फार काळ अडसर राहिली नाही. माटुंग्याचा वायू १८९७ मध्ये एंजिन चालवीत होता, क्रियाशील गाळाचे ज्ञान शोधानंतर दोनच वर्षांत भारतात पोहोचले आणि स्वस्त तलावांचे गणित १९७० मध्ये नागपुरात छापले गेले. अडचण पाणीपुरवठ्यास दिलेले प्राधान्य मलनिःसारणास न देण्यात आणि बांधलेले संयंत्र रोज न चालविण्यात होती. नळाचे उद्‌घाटन होते. गाळ उपसण्याचे होत नाही. मोठ्या शहरांनी ही चूक नदी व समुद्र यांच्या आधारावर बराच काळ झाकली. मोहाडीसारख्या गावांत आता नळयोजना विस्तारत आहेत व पाण्याचा वापर वाढत आहे. वाढीव पाणी घराबाहेर कोठे जाईल, हे त्याच योजनेत ठरविले गेले, तर वैनगंगेचा वरचा प्रवाह स्वच्छ राहील. तसे न झाल्यास नाग नदीचा अनुभव लहान प्रमाणात, पण अनेक नाल्यांवर पुन्हा येईल.